चौथी झोप

रेशमाचा किडा जन्मात चारदा झोपतो, आणि चारही वेळा त्याला उठवायचं नसतं. तो आपणहून उठतो, जुनी कात मागं टाकतो आणि आधीच्या दुप्पट खातो. थोरल्या सुनेला हे तिच्या आईनं शिकवलं होतं. तिनं सासरी येऊन ते सगळ्या घराला शिकवलं. शिकला नाही तो एकटा धाकटा दीर. त्याला कुणी उपाशी बसलेलं बघवत नसे, मग तो माणूस असो, कुत्रं असो की किडा.

विहिरीकडची सव्वा एकर तुती थोरलीची. कागदावर ती अख्ख्या घराची असेल, पण लावली तिनं होती. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन परतताना तिनं ओल्या गोणपाटात शंभर काड्या गुंडाळून आणल्या होत्या. बसमध्ये ते गाठोडं तिनं असं मांडीवर धरलं होतं की शेजारच्या बाईनं बाळ किती महिन्यांचं म्हणून विचारलं. त्या शंभर काड्यांची बावीस वर्षांत सव्वा एकर झाली. घराच्या पाठीमागची लांब खोली तेव्हापासून किड्यांची खोली झाली. वर्षातून पाच वेळा तिथं किडे यायचे, खायचे, झोपायचे, कोष विणायचे आणि जायचे.

थोरलीच्या अंगात अकरा वर्षांपासून संधिवात होता. घरात त्याला 'जुना पाहुणा' म्हणत. तो कधी गुडघ्यात उतरायचा, कधी मनगटात, चार दिवस राहायचा आणि जायचा. त्या साली छातीत गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली आणि दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून कॅन्सरचं औषध सुरू झालं. सासूबाई म्हणाल्या, "जुना पाहुणा जाईना, आणि नव्यानं अंथरूण पसरलं." मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नव्यासाठी जुन्याचं जोरदार औषध थांबवलं. मग जुना मोकाट सुटला. दोन डोस होईतो थोरलीचे केस गेले, भुवया गेल्या, आणि उन्हाळाभर किड्यांची खोली रिकामी राहिली.

एके संध्याकाळी जेवताना धाकट्यानं विषय काढला. तुती उपटावी, तिथं भाजीपाला लावावा, महिनाअखेरीला ट्रॅक्टर सांगितलाय, असं तो ताटाकडं बघत म्हणाला. वहिनीसाठीच म्हणतोय, हेही त्यानं दोनदा सांगितलं. आजारी माणसानं दिवसातून पाच वेळा पाला टाकायचा म्हणजे काय, आणि बाकी कुणाला त्यातलं कळतं. त्याची बायको, धाकटी जाऊ, किड्यांच्या नावानं आधीच अंग चोरायची. घरात येऊन सहा वर्षं झाली, पण तिनं एका किड्याला कधी बोट लावलं नव्हतं. थोरला, म्हणजे थोरलीचा नवरा, मुळातच कमी बोलायचा. तो भातात पाणी ओतत राहिला.

थोरलीनं पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून खाली ठेवला.

"भाऊजी, एक पीक काढू द्या. कोष नीट उतरले तर तुती राहील. बिघडले तर ट्रॅक्टरपुढं मी स्वतः चालेन."

"चालाल कशा? उंबरा ओलांडताना दोनदा बसता तुम्ही."

"मग तुमच्या पाठुंगळी बसून येईन. पण शब्द द्या."

धाकट्यानं शब्द दिला. हरण्याची भीती असलेला माणूस जसा देतो तसा, घाईनं.

थोरलीनं त्याच रात्री भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून घेतलं. तांबड्या पेन्सिलीनं डोसाचे दिवस, हिरव्या पेन्सिलीनं किड्यांचे. डोसानंतरचा पहिला आठवडा तिचा जायचाच. दुसऱ्यात ती भिंत धरून चालायची. तिसऱ्यात मात्र माणसासारखी व्हायची, कपडे घड्या करायची, भांडायची, हसायची. म्हणून तिनं असं जुळवलं, की दोन झोपा झालेले कोवळे किडे डोसानंतर तीन दिवसांनी घरी यावेत. तिसरी झोप, चौथी झोप ती पडून असताना होऊन जाईल, तेव्हा किडे फारसं मागतही नाहीत. चौथ्या झोपेनंतरचे सात दिवस म्हणजे खरी खादाडी, जन्मभराचं खाणं त्या सात दिवसांत, आणि ते सात दिवस बरोबर तिच्या बऱ्या आठवड्यात. तिला इतका आनंद झाला की तिनं थोरल्याला हलवून कॅलेंडर दाखवलं. तो म्हणाला, "चांगलं आहे," आणि कूस वळला. पण सकाळी उठून त्यानं खोली चुन्यानं पांढरी केलेली होती.

किडे सांगून झाले. कोवळे किडे वाढवून देणाऱ्या केंद्रावरच्या माणसानं दिवस पक्का केला. आणि त्याच्या तीन दिवस आधी दवाखान्यात रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी कमी. डोस आठवडाभर पुढं. थोरलीनं घरी येऊन तांबडी खूण खोडली आणि पुढं केली. किडे ठरल्या दिवशी आले, टोपल्यांतून, अक्षराएवढे. पुढच्या तपासणीतही पेशी कमीच, पुन्हा आठवडाभर पुढं. तिनं पुन्हा खोडली. आता तांबडी खूण थेट चौथ्या झोपेवर येऊन बसली होती, आणि तिच्यापुढचा सबंध वाईट आठवडा खादाडीच्या सात दिवसांवर. हिरव्यावर तांबडं चढून कागद तपकिरी झाला.

तिनं दवाखान्यातल्या सिस्टरला विचारून पाहिलं. आणखी आठ दिवस पुढं ढकलता येईल का, घरी जरा किडे आहेत. सिस्टर पन्नाशीची बाई, चष्मा कपाळावर, आवाज जाड. तिनं कसले किडे म्हणून विचारलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"तुमचे किडे थांबतात का हो कुणासाठी?"

"नाही."

"हाही थांबत नाही. पेशी आता बऱ्या आहेत, तर वेळेवर यायचं." मग तिनं चष्मा खाली घेतला. "आणि एक ऐका. डोसाबरोबर स्टिरॉइड देतो आम्ही. पहिले तीन दिवस सांधे दुखणार नाहीत, घोड्यावर बसल्यासारखं वाटेल. तो घोडा आमचा आहे, तुमचा नाही. त्यावर बसून लांब जाऊ नका. तो मधेच उतरवतो, आणि परत चालत यावं लागतं. ताप शंभराच्या वर गेला तर विचार करत बसायचं नाही, तडक इथं यायचं. चुना, घाण, विष्ठा, कशाला हात लावायचा नाही."

थोरलीनं मान हलवली. तिनं मनात ठरवलं होतं, दिवसाला तीन कामं, एक झालं की स्टुलावर बसायचं. ठरवताना माणूस नेहमीच शहाणं असतं.

डोसाच्या दिवशी पहाटे ती तोंडाला फडकं बांधून किड्यांच्या खोलीत गेली. सहा मांडण्या, प्रत्येकीला चार कप्पे, आणि सगळ्या कप्प्यांवर किडे चौथ्या झोपेत होते. पुढचं अंग उचलून, मान ताठ करून, फोटो काढायला बसल्यासारखे. हजारो, आणि एकही हलत नव्हता. थोरल्यानं त्यांच्यावर चुन्याची पातळ पूड भुरभुरवली होती. खोलीत शाळा सुटल्यावर असते तशी शांतता होती.

तिनं धाकट्याला समोर उभं करून सांगितलं. दुपारपासून काही काही उठायला लागतील, डोकी हलवतील, मागतील. द्यायचं नाही. सगळे उठेपर्यंत एक पानही टाकायचं नाही. मी संध्याकाळी येते, मग टाकू. धाकटा म्हणाला, "वहिनी, मी काय लहान आहे का?" सासूबाई पलीकडून म्हणाल्या, "नाहीस, म्हणून तर भीती."

संध्याकाळी ती परतली तेव्हा सगळे उठलेले होते. नव्या कातडीत, सुरकुतलेले, भुकेले. तिनं स्वतःच्या हातानं पहिली फांदी टाकली आणि क्षणभरानं तो आवाज सुरू झाला. दुसऱ्या कुणाला तो पावसासारखा वाटला असता. तिला मात्र नेहमी शिंप्याचं दुकान आठवायचं, हजार बारीक कात्र्या एकदम कापडातून चालल्यासारखं. तिच्या खोलीच्या भिंतीला लागून असलेल्या दोन मांडण्यांवरचे किडे तिला जरा लहानमोठे वाटले. पण सबंध दिवस सलाईनकडं बघून डोळे चुरचुरत होते. डोळ्यांचाच दोष म्हणून तिनं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी ती उठली ती घोड्यावरच.

मनगटं हलकी. गुडघे तेल दिल्यासारखे. महिन्यांनी तिनं स्वतःच्या हातानं ब्लाऊजची बटणं लावली, आणि त्याचंच इतकं अप्रूप वाटलं की तिनं एक काढून पुन्हा लावलं. तीन कामं नाश्त्याआधीच संपली. मग चौथं, पाचवं. ती तुतीत गेली, फांद्या छाटणाऱ्या थोरल्याच्या हातातून कोयता घेतला आणि दहा फांद्या सपासप उतरवल्या. भारे उचलले नाहीत, पण ओढले. खोलीत पाला टाकला, कप्प्याच्या कडेला गर्दी केलेल्यांना फांदीनं आत घेतलं. धाकटी दारातून सारखी म्हणत होती, ताई, बसा आता, आणि ती म्हणत होती, बसते, हा एक कप्पा. घरभर कापलेल्या पाल्याचा हिरवा वास भरला. सकाळी टाकलेला पाला दुपारपर्यंत नुसत्या काड्या व्हायचा. किडे डोळ्यांदेखत वाढत होते, सकाळी करंगळीच्या नखाएवढे जाड, संध्याकाळी करंगळीएवढे. थोरला आणि धाकटा पाल्याचे भारे आणून आणून घामाघूम झाले, आणि थोरली त्यांना हसत होती. जेवताना तिनं तीनदा तीच गोष्ट सांगितली आणि तिन्ही वेळा स्वतःच हसली.

थोरल्यानं एकदाच विचारलं, "सिस्टर काय म्हणाली होती?"

"घोडा त्यांचा आहे म्हणाली. पण चारा आपला आहे ना?"

तीन दिवस ती अशी उडत होती. चौथ्या दिवशी सकाळी तिनं डोळे उघडले, उठायचं ठरवलं, आणि अंग उठलं नाही.

हा थकवा कामाचा नव्हता. कामाचा थकवा तिला लहानपणापासून ठाऊक होता. त्यात अंग दुखतं, पण झोप गोड लागते. हा निराळाच. कुणीतरी आतला दोर ओढून काढला आणि पोतं तिथंच ठेवलं. झोपून उठावं तरी तेवढाच. त्यावर जुना पाहुणा परत आलेला, तोही एकटा नाही. दोन्ही मनगटं सुजून चकचकीत, गुडघ्यांत निखारे, बोटं केळ्याच्या फणीसारखी एकमेकांना चिकटलेली. चादरीचं वजन पायांना सोसेना. धाकटीनं दिलेला पेला हातातून सुटून चादरीवर सांडला. दुसरा तिनं चमच्यानं पाजला. मग मोरीत नेणं, बसवणं, उठवणं, नाडी बांधणं. एवढी वर्षं जिला थोरली 'हे धर, ते आण' म्हणत आली, तिनंच आता काही न बोलता तिची नाडी बांधावी, याची लाज सांध्यांपेक्षा जास्त दुखली.

"माझी सगळी नाटकं बघून घेतलीस तू," थोरली म्हणाली.

"अजून तिकीट नाही घेतलं तुमचं," धाकटी म्हणाली आणि तिचा गाल पुसला.

रोज संध्याकाळी थोरला थर्मामीटर लावायचा, उजेडात धरून बराच वेळ बघायचा आणि कॅलेंडरवर आकडा लिहायचा. नव्व्याण्णवाच्या वर गेला नाही. हाक मारायलाही तिला दम लागायचा आणि घंटी हलवायला मनगट नव्हतं. तेव्हा सासूबाईंनी आपल्या पेटीतून एक पितळी शिट्टी काढून तिच्या गळ्यात बांधली. सासरे पूर्वी रेल्वेच्या फाटकावर होते, त्यांची होती ती. "हात चालत नसतील तर तोंड आहे ना. ते तर कधी बंद पडलं नाही तुझं."

थोरलीनं एकच मागणी केली. खाट भिंतीला लावा, किड्यांच्या बाजूच्या.

मग ती पडून राहिली आणि ऐकत राहिली. भिंतीपलीकडं कात्र्या चालत होत्या, दिवसभर. पाला टाकला की आवाज उसळायचा, पाला संपत आला की बसायचा, पुन्हा पाला, पुन्हा उसळायचा. तिला न सांगता कळायचं, आता थोरल्यानं टाकला, तो फांद्या अलगद ठेवतो. आता धाकट्यानं, तो लांबून भिरकावतो. बावीस वर्षं ती त्या खोलीत राबली, पण असं नुसतं ऐकत कधी पडली नव्हती. कामाच्या माणसाला कान कुठले? ती उठून जाऊ शकत नव्हती याचा जीव जळायचा. पण त्या आवाजात ती अर्धवट झोपायची, अर्धवट जागायची, आणि कुठंतरी आत एक उत्साह तेवत राहायचा. खातायत अजून. खातायत.

सातव्या दिवशी दुपारी घरात सगळे बिनघोर होते. कॅलेंडरप्रमाणे किडे उद्या पिकणार होते. पिकलेला किडा खाणं सोडतो आणि धागा काढायला जागा शोधतो. त्याला वेळेवर चंद्रिकेवर, म्हणजे घरं पाडलेल्या जाळीवर, ठेवला नाही तर तो काड्यांत, कोपऱ्यांत, एकमेकांच्या अंगावर धागा वाया घालवतो. चंद्रिका धुऊन माळ्यावर होत्या, उद्या सकाळी उतरवायच्या. थोरला आणि धाकटा शेवटचा पाला आणायला तुतीत गेले होते. धाकटी अंगणात कपडे धूत होती.

थोरलीला पाला टाकल्याचं ऐकू आलं होतं. आवाज उसळला, पण नेहमीएवढा नाही. तिनं श्वास धरला. दूरच्या मांडण्यांवर कात्र्या जोरात चालल्या होत्या. पण भिंतीलगत, तिच्या कानाजवळ, मधेमधे भोकं पडत होती. चाललं, थांबलं. थोडं चाललं, थांबलं. समोर पाला असताना खादाडीच्या दिवसांत किडा थांबत नाही.

तिनं बोटांवर दिवस मोजले. सात. पुन्हा मोजले, सातच. कदाचित आजारपणात कानही उतरले असतील. उगाच शिट्टी फुंकावी आणि सगळ्यांनी धावत यावं, आणि काही नसावं. मग धाकटा म्हणेल, वहिनी, आता तरी. भोकं मोठी होत होती. तिनं मान वळवून शिट्टी ओठात धरली आणि होती नव्हती तेवढी हवा तिच्यात भरली.

काठी टेकणाऱ्या सासूबाईसुद्धा धावत आल्या. धाकटी साबणाच्या हातांनी दारात उभी.

"पिकलेत," थोरली म्हणाली. "भिंतीकडच्या दोन मांडण्यांवर. जा."

"ताई, उद्या ना?"

"जा आणि एक हातात धर. उजेडाकडं धर."

"हातात?"

"चमच्यानं नाही कळत ते. हातात."

धाकटी गेली. थोडा वेळ काहीच नाही. मग भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, कधी न ऐकलेला, लहान मुलीसारखा. "ताई, याच्या पोटातून खिडकी दिसतेय. पिवळी. आरपार."

नंतरचं सगळं एकदम झालं. सासूबाईंनी शिट्टी थोरलीच्या गळ्यातून काढून अंगणात जाऊन अशी फुंकली, की तुतीतले दोघं कोयते टाकून पळत आले. थोरला माळ्यावर चढला, धाकट्यानं खालून चंद्रिका झेलल्या. थोरली म्हणाली, मला तिकडं न्या. थोरल्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि वाद घातला नाही. दोघा भावांनी तिला लाकडी खुर्चीसकट उचललं, गुडघ्यांखाली उशी, तोंडाला फडकं, आणि किड्यांच्या खोलीच्या दारात आणून ठेवलं. खुर्ची हलली तसं तिचं सगळं अंग ओरडलं. तिनं ओठ चावले आणि डोळे उघडे ठेवले. डोळे शाबूत होते.

दोन मांडण्यांवर निम्मे किडे मान उंच करून भटकत होते, मेणासारखे पिवळट, आणि त्यांच्या खालीच निम्मे अजून हिरवट पांढरे, मन लावून खात होते. दहाबारा जणांनी तर काड्यांच्या बेचक्यांत धागा सुरूही केला होता. बावीस वर्षांत असं खिचडी झालेलं पीक तिनं पाहिलं नव्हतं. पण विचार करायला वेळ नव्हता. ती नुसती सांगत सुटली. तो. त्याच्या शेजारचा. तो नाही, तो अजून जेवतोय. कडेचे दोन. धाकटी दोन्ही हातांनी किडे वेचत होती, तळहातावर पाच पाच, सहा सहा, आणि थोरला ते चंद्रिकेवर पसरत होता. एका किड्यानं धाकटीच्या बोटालाच धागा लावला. ती हात वर धरून उजेडात तो बघत राहिली, इतका बारीक की दिसेना, नुसता चमके. "मला घर बांधतोय हा," ती म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "सहा वर्षांनी का होईना, कुणीतरी बांधलं." धाकट्याशिवाय सगळे हसले.

धाकटा हसला नाही. तो खाली बसून काड्यांतून किडे सोडवत होता. कान लाल झाले होते.

"वहिनी," तो वर न बघता म्हणाला, "तुम्ही दवाखान्यात होता ना, तेव्हा दुपारी या दोन मांडण्यांवरचे निम्मे उठले होते. डोकी हलवत होते. मला नाही बघवलं. टाकला मी पाला. तुम्ही यायच्या आत काड्या उचलल्या."

जागे होते त्यांनी खाल्लं आणि ते पुढं गेले. झोपेत होते ते पाल्याखाली गाडले गेले आणि मागं राहिले. एवढी साधी गोष्ट. ज्याला तुती उपटायची होती त्यानंच पीक बिघडवलं होतं, तेही मायेपोटी. थोरल्याचा हात चंद्रिकेवर थांबला. सगळे थोरलीकडं बघायला लागले.

तिला राग यायला हवा होता. पण तिची नजर स्वतःच्या मांडीवरच्या सुजलेल्या हातांवर गेली. तीन दिवस दहा दहा फांद्या छाटणारे, सहाशे वेळा पाला टाकणारे ते हात.

"भाऊजी, तुम्ही दोन मांडण्यांना टाकलात," ती म्हणाली. "मी अख्ख्या स्वतःलाच टाकला. निम्मं अंग जागं झालेलं बघितलं आणि लागले चारायला. उरलेलं खाली गाडलं गेलं." ती हसायला लागली, आणि हसताना बरगड्या दुखल्या तरी थांबेना. "चला, उचला आता. तो बघा, तुमच्या कोपराजवळचा. तो तुमच्या शर्टात घर करेल."

संध्याकाळ होईपर्यंत तिनं बोट न लावता दोन्ही मांडण्यांवरचे पिकलेले सगळे किडे चंद्रिकेवर चढवून घेतले. त्यांच्यातले मागं राहिलेले आणि उरलेल्या चार मांडण्यांवरचे दुसऱ्या दिवशी पिकले, सगळे एकदम, कॅलेंडरप्रमाणे. त्या वेळी ती खाटेवर होती आणि धाकटी एकटी दारात उभी राहून दोन पुरुषांना सांगत होती, तो, तो नाही, अजून जेवतोय तो. भिंतीतून ते ऐकता ऐकता थोरलीला झोप लागली, आणि ती झोप खूप दिवसांनी गोड होती.

पाचव्या दिवशी कोष उतरवले. पांढरेशुभ्र, घट्ट, अंगठ्याएवढे. काड्यांत वाया गेले ते एका ओंजळीत मावले. तोवर सूज थोडी ओसरली होती, थोरली उशीला टेकून बसायला लागली होती. थोरल्यानं एक कोष तिच्या कानाशी धरून हलवला. आत खुळखुळ वाजलं. तो म्हणाला, "चांगलं आहे." हे त्याचं त्या महिन्यातलं तिसरं वाक्य, असं सासूबाईंनी मोजलं होतं.

महिनाअखेर आली. सकाळी थोरली ओसरीवर बसली होती, डोक्याला रुमाल, हातात चहाचा पेला, आणि तो एका हातात. धाकटा घरातून बाहेर आला. ट्रॅक्टरचं नावही त्यानं काढलं नाही. हातात करवत होती, तिच्या दात्यांवरून अंगठा फिरवत तो पायरीवर उभा राहिला.

"वहिनी, छाटणी करायची ना? किती उंचीवर कापू?"

थोरलीनं पेला खाली ठेवला.

"जमिनीपासून एक वीत ठेवा. घाबरू नका, मेल्यासारखी दिसेल. महिन्यात पाला येतो."

धाकटा तिच्या रुमालाकडं पाहून हसला. "दिसतंय ते," तो म्हणाला आणि विहिरीकडं निघाला.

त्याच आठवड्यात पुढचा डोस झाला. तिनं सिस्टरला रुमालात बांधून दोन कोष नेऊन दिले. सिस्टरनं ते कानाशी हलवले, चष्म्यातून पाहिले आणि विचारलं, या वेळी घोड्यावरून किती लांब जाणार? उंबऱ्यापर्यंत, थोरली म्हणाली. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी मनगटं हलकी झाली तेव्हा तिनं बटणं लावली, एक काढून पुन्हा लावलं, आणि परत खाटेवर जाऊन पडली. ते पडणं तुती उपटण्याइतकंच अवघड होतं.

दुपारी दाराबाहेर खुडबुड झाली. धाकटा तिच्या उंबऱ्यावर चुन्याची पातळ रेघ ओढत होता, किड्यांच्या झोपेत टाकतात तशी. सासूबाई काठी टेकत आल्या आणि आत डोकावून मोठ्यानं विचारलं, "जागी झालीस का गं?"

"निम्मी," आतून थोरली म्हणाली.

धाकट्यानं चुना खाली ठेवला आणि बाजूला ठेवलेलं चहाचं ताट उचलून तसंच मागं घेतलं.

"मग थांबतो," तो म्हणाला. "निम्मीला टाकायचं नसतं."